यांचं वय कुणी मोजत नाही

माघ शुद्ध ६, शके १८६४
पेडगाव

सासूबाईंनी परभणीहून सुईण बोलावली. माझ्यासाठी. चव्वेचाळिसाव्या वर्षी!

मला माजघरात आडवं केलं. सुईणीनं हाताला एरंडेल लावून पोट असं रगडलं की ओठात दात रुतले. म्हणाली, "पिशवी फिरली हाय बया. आडवी पडली हाय. आनखी दोनदा चोळावं लागंल." सासूबाई उशाशी बसून माझे हात धरून होत्या. मायेनं नव्हे, मी उठू नये म्हणून.

आणि हे? ओसरीवर. व्यंकटराव आले होते, यांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघं ज्वारीच्या खळ्याचं बोलत होते, हसत होते. साठ वर्षांचे आहेत हे. यांच्या पोटाला कुणी हात लावला नाही. यांना कुणी काही विचारलंसुद्धा नाही!

माघ शुद्ध ७

पोट दुखतंय. बसलं तरी, उभं राहिलं तरी.

माघ वद्य २

इथं तरी खरं लिहावं.

नऊ वर्षं झाली, आम्हा दोघांत काही नाही. पन्नाशी जवळ आली तसं यांचं अंग साथ देईनासं झालं. आधी कधीमधी, मग वरचेवर, मग कायमचंच. त्या शेवटच्या वेळी मी यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढंच म्हणायचं होतं की असू द्या, माणूस थकतं, मला काही कमी नाही. यांनी हात झटकला. भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "बाहेर बोललीस तर म्हायेरी धाडीन. कायमची."

मी कुणाला बोलणार होते? आणि कशाला? माझे केस पिकले, यांचं अंग थकलं. त्यात लाजण्यासारखं काय होतं? मी तर मनात म्हटलं होतं, आता निवांत गप्पा मारू. एका थाळीत जेवू. पण त्या दिवसापासून हे माझ्याशी मिठा-मिरचीपलीकडं बोलले नाहीत. जणू चोरी मीच पकडली होती.

त्याच्या फार आधी मला दोनदा दिवस गेले होते. एक तिसऱ्या महिन्यात पडलं, दुसरं पाचव्यात. मुलगी होती. सासूबाईंनी दाखवली नाही. तेव्हा मी विशीत होते. पुढं नाही राहिलं. दोष माझ्यात असेलही, मी कधी नाही म्हटलं? पण ही नऊ वर्षं? नऊ वर्षं माझे सोमवार, नऊ वर्षं पिंपळाला फेऱ्या, कुणी सांगेल त्या देवाची ओटी! पेरणीच नाही आणि मला पाऊस मागायला धाडतात. हे स्वतः गाडी जुंपून देतात! यांना ठाऊक असतं की. एकदा तरी म्हणावं — राहू दे, उपाशी नको राहूस. एकदाही नाही.

राग या गोष्टीचा आहे. म्हातारपणाचा नाही.

फाल्गुन शुद्ध ३

गोठ्यामागं हे ज्या दगडापाशी लघवीला बसतात तिथं आज मुंग्यांची दाट रांग दिसली. हे हल्ली रात्रीतून चार-चारदा उठतात, उशाशी ठेवलेलं पाणी सकाळी संपलेलं असतं. अंगठ्याला ठेच लागली होती पौषात, ती अजून ओली आहे.

माझे वडील वाशीमला मास्तर होते. त्यांना शेवटी असंच झालं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, लघवीत साखर जाते. मला लिहा-वाचायला शिकवलं त्यांनी, आणि शेवटी त्यांच्या पायाची ती काळी पडलेली बोटं धुवायला मीच होते.

मी आज भाकरी वाढता वाढता यांना म्हटलं, "परभणीला हकिमाला दाखवून येऊ."

"मला काय झालंय?"

मी मुंग्यांचं बोलले नाही. म्हटलं, "मला दाखवायचंय."

तेव्हा लगेच तयार झाले.

फाल्गुन वद्य ४

आज परभणीला जाऊन आलो. सगळं लिहायचंच.

हकीमसाहेबांकडं बायकांसाठी पडदा आहे, निळा, विरलेला. मी आत, हे बाहेर. पडद्याखालून हात पुढं केला, त्यांनी नाडी धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाले, "बाई की नब्ज ठीक है. अब तुम हात देव, राव."

"मला कशाला?"

"देव तो सही."

मग विचारायला लागले. रातकू कित्ते बार उठते? प्यास? पाँव का जखम कब का? हे तुटक तुटक सांगत होते. मग हकिमांनी आवाज खाली घेतला, पण कापडाचाच तो पडदा! "घर में... ताकत है क्या?"

बाहेर टांगा गेला. त्याचा आवाज विरला. मग हे अगदी बारीक आवाजात, एखादं लेकरू बोलावं तसं — "न्हाई. लय वर्सं झाली."

मला पडद्याआड रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला. नऊ वर्षांत यांनी पहिल्यांदा खरं बोललेलं ऐकलं, आणि तेही माझ्याशी नाही.

हकीमसाहेब फार हळू बोलले. "इस में शर्म नक्को. मीठे पेशाब की बीमारी है, उस पो साठ बरस की उमर. ये बीमारी मर्द की ताकत खा जाती. और बीज भी बुड्ढा होता, राव. पतला पड़ता. लोगां बोलते नहीं, मगर होता. गुड़ छोड़ो, चलो-फिरो, जखम साफ रखो, जान बचेगी. औलाद का मालिक अल्लाह. और वो कुश्ते-विश्ते नक्को खाव, पारा रहता उस में. गुर्दे जल जाते." मग थांबून म्हणाले, "बाई का इलाज मत करो. बाई को कुछ नहीं हुआ."

बाई को कुछ नहीं हुआ! तीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, तो विरका पडदा बाजूला करून त्या माणसाच्या पाया पडावं.

परतताना हे गाडी हाकत होते. मला वाटलं, घरी गेलं की रात्री पायाला हळद-तेल लावीन, आणि मग आपोआप बोलणं निघेल. गाव दिसायला लागल्यावर म्हणाले, "लय म्हातारा झालाय हकीम. डोकं चालत न्हाई त्याचं."

हकीम यांच्याहून चार वर्षांनी धाकटे असतील!

दारात सासूबाई. "काय म्हन्ला रं हकीम?" हे पाय धुवायला दगडावर उभे, मी तांब्यानं पाणी घालतेय. माझ्याकडं न बघता म्हणाले —

"हिच्यात दोष हाय म्हन्ला. हिचं काई व्हनार न्हाई."

फाल्गुन वद्य ५

मी पाणी घालत राहिले. का घालत राहिले? तो तांब्या त्या अंगठ्यावरच टाकायला हवा होता.

चैत्र शुद्ध ११, शके १८६५

कुश्ता आला, ताकदीचं भस्म. नांदेडकडचा कुणी फिरता वैदू, व्यंकटरावांनीच घरी आणला. काळसर पूड, सायीतून घ्यायची. वर उडदाचे लाडू, मुसळी, तूप, गूळ. गूळ! लाडू मी वळायचे. सासूबाई शेजारी बसून, "तूप घाल जरा, हात आखडू नको."

मी यांना एकटं गाठून म्हटलं, "हकिमांनी गूळ सोडायला सांगितलाय. आणि कुश्ता नको म्हणाले होते."

हे एकदम गोरेमोरे झाले. मी सगळं ऐकलं होतं, हे यांना तेव्हाच समजलं. मग डोळे बारीक करून म्हणाले, "लय कान लांब झालेत तुझे."

ओसरीवर व्यंकटरावांची बडबड चालूच. "मर्द अन् घोडा कवा म्हातारा व्हतो का दिनकरराव? खुराक पायजे निस्ता! माझा चुलता बासष्टाव्या वर्साला बाप झाला." सगळे हसतात. व्यंकटरावांच्या चुलत्याच्या त्या लेकराचे नाक-डोळे कुणासारखे, हे साऱ्या गावातल्या बायकांना माहीत आहे! पण ओसरीवर कोण सांगणार?

गेल्या सालची गोष्ट. गावाचा वळू थकला, गाई रिकाम्या फिरायला लागल्या. पंचांनी एका बैठकीत ठरवलं आणि कंधारहून लाल खोंड आणला. जुन्या वळूला दावणीला बांधून मरेपर्यंत चारा घातला, कुणी त्याचा अपमान केला नाही. आणि गाईंना कुणी नवस बोलायला पाठवलं नाही, की त्यांचं पोट रगडलं नाही. गुराढोरांत ही माणसं इतकी शहाणी असतात!

चैत्र वद्य १

रात्री यांची छाती धडधडत होती. चेहरा लालबुंद, डोळे तांबारलेले. मी कांद्याचा रस दिला, पाठ चोळली. या वेळी हात झटकला नाही. अंग नुसतं तापलेलं. पहाटे म्हणाले, "बरं वाटंल का गं मला?"

आणि मला, इतका संताप असूनसुद्धा, यांची कीव आली. आमच्या माणसांना म्हातारं व्हायची परवानगीच नाही.

चैत्र वद्य ९

मी दत्तकाचं काढलं. धाकट्या दिरांचा मधला मुलगा चांगला आहे, शेतात राबणारा. शेत त्याच्या नावे करा, शेवट निवांत होईल.

हे ताटावरून उठले. "दत्तक घेनं म्हंजे मी संपलो असं गावाला दवंडी पिटून सांगनं! तुला तेच पायजे."

म्हणजे मुलगा नकोच आहे. वारसही नको. मुलगा होऊ शकतो, एवढं गावाला दिसायला हवंय.

वैशाख शुद्ध २

कळलं. दुसरं लग्न करताहेत. मला सवत.

पिंगळीची आहे. दैवशाला नाव. तेवीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, पाठोपाठ आठ महिन्यांचा मुलगा गेला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, तसा लावायचा. कुमारिका मिळाली असती की, शेतवाडीला भुलून पुष्कळ दारं उघडली असती. पण सासूबाईंचा हिशेब निराळा. व्यंकटरावांना सांगत होत्या, मला ऐकू जाईल अशा आवाजात — "कुवार पोरीचा काय भरवसा? हिची कूस पारखलेली हाय. पोरगं झालं व्हतं हिला. पोरगं!"

पारखलेली कूस! बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं. तिचं मेलेलं लेकरू ही तिची लायकी ठरली. आणि यांची पारख कुणी केली? हकिमानं केली, तर हकीम म्हातारा!

वैशाख शुद्ध ५

सासूबाईंनी मलाच सोबत नेलं पिंगळीला. थोरलीची संमती आहे असं दिसायला हवं ना.

स्टेशनापासून जवळच घर. साधी माणसं. पोरीचा बाप लिंबाजी, दोन एकरांचा धनी, सारखा हात जोडत होता. भावजयीला ही घरात नको, ते भांड्यांच्या आपटण्यावरूनच कळत होतं. दैवशालेला पुढ्यात बसवून सासूबाईंनी दात पाहिले, चालून दाखवायला लावलं. ती चालली. उंच, सडसडीत. नजर खाली नव्हती तिची, दाराबाहेर होती.

विहिरीवर मी पाणी प्यायला गेले, ती मागोमाग आली. म्हणाली, "बाई, तुमी व्हय म्हन्लात?"

"मला विचारलं कुणी?"

"मलाबी न्हाई." पोहरा सोडता सोडता म्हणाली, "माज्या मामाच्या गावचा चंद्रभान हाय. त्यानं पाटाला मागितलं व्हतं मला. बाप म्हन्ला, त्याच्याकडं काय हाय? एक बैल. मोट्या घरी जा."

मग मी ठरवलं. इतकी वर्षं दात आवळून होते, ती गोष्ट बोलायची. तिची आई पार्वतीबाई चुलीपाशी होती. तिला बाजूला घेतलं. कसं बोलावं ते सुचेना, पण बोलले. म्हटलं, "बाई, आमच्या मालकांचं वय झालंय. आजार आहे. त्यांच्यानं आता संसार होत नाही. नऊ वर्षं झाली. तुमची लेक तरुण आहे, तिला तिथं विझवू नका."

पार्वतीबाईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, दयेनं! माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मला समजायलंय बाई. सवत येनार म्हन्लं की जीव जळतोय. कोनती बी बाई असंच बोलंल. पर नवऱ्याची अशी बदनामी करू नका. पाप लागतंय."

वैशाख शुद्ध ६

खरं बोलले तर मत्सर. गप्प बसले तर वांझ. बाईनं कुठल्या तोंडानं बोलावं?

वैशाख वद्य १२

आज पाट लागतोय. पाट अंधाऱ्या पाखात, गावाबाहेरच्या मारुतीपाशी, दिवस मावळल्यावर लागतो. सवाष्णींनी पाहायचं नसतं, उजाडेपर्यंत नव्या बाईचं तोंडही बघायचं नसतं. मला माजघरात घालून बाहेरून कडी लावली.

आणि यांना पाहायचं? यांना पाहिलं तर अपशकुन नाही? कलप लावून गेले मिशीला! मी दाराच्या फटीतून पाहिलं. पाय ओढत चालत होते.

वैशाख वद्य १३

सकाळी ती चुलीपाशी आली. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा तिचे गाल गार लागले. रडत नव्हती.

यांनी चहा फेकून दिला. म्हणे पांचट झालाय.

ज्येष्ठ शुद्ध ८

दैवशाला मला आक्का म्हणते. मिरच्यांचे देठ खुडता खुडता आज बोलली.

"आक्का, मालक भिंतीकडं तोंड करून झोपतेत."

मी देठ खुडत राहिले.

"पहिल्या रातीच म्हन्ले, बाहीर बोललीस तर—"

"माहेरी धाडीन, कायमची," मी म्हटलं.

ती चमकून माझ्याकडं बघायला लागली. मग आम्ही दोघीही हसलो. किती दिवसांनी हसले! हसता हसता तिखटाचे हात डोळ्यांना लागले, मग दोघींचेही डोळे वाहायला लागले ते थांबेचनात. सासूबाई आतून ओरडल्या, "काय खिदळायल्यात गं सवती सवती?"

ज्येष्ठ वद्य १०

यांचा अंगठा चिघळला. मी सकाळी धुते, ती संध्याकाळी धुते. हे डोळे मिटून बसतात. कुश्ता चालूच आहे. दैवशालेनं कुश्त्याची पुडी चुलीत टाकायची म्हटलं, मी नको म्हटलं. उद्या काही झालं तर तिच्यावरच येईल.

आषाढ शुद्ध ९

पाट लागून दीड महिना होत आला. सासूबाई तिचे दिवस मोजताहेत. बाहेरची बसली की कोपऱ्यातलं घोंगडं पाहून कपाळ बडवतात.

यांचे दिवस कुणी मोजत नाही. वय कुणी मोजत नाही. माझं वय मात्र अख्ख्या गावाला पाठ आहे. चव्वेचाळीस, पंचेचाळीसात पडेल, आता काय राहिलंय हिच्यात! साठ म्हटलं की पुरुष तरणाबांड, आणि तेवीस वर्षांच्या पोरीच्या दीड महिन्याचाही हिशेब.

आषाढ वद्य २

तीच सुईण पुन्हा आली. तोच एरंडेलाचा बुधला. दैवशालेला आडवं केलं.

मला तिचे हात धरायला सांगितलं. मी धरले नाहीत. मी माजघराच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "तिच्या पोटाला हात लावायचा नाही."

सासूबाई उसळल्या. "तूच केलीस करनी! तूच हिची कूस बांधलीस! येऊन दोन म्हयने झाले न्हाईत तर पारखलेली कूस आटली, हे कसं काय? चांगली नांदती कूस व्हती हिची!"

सुईण बुधला उचलून गुपचूप निघून गेली. करणीच्या घरात तिला थांबायचं नव्हतं.

हे ओसरीवरच होते. शब्दन् शब्द ऐकत होते. एक वाक्य, एकच वाक्य बोलले असते तर दोघी सुटलो असतो! यांनी काय केलं? बाहेर पडले. व्यंकटरावांकडं गेले.

आषाढ वद्य ४

सासूबाई यांच्यापाशी बोलत होत्या, "हिलाबी धाड म्हायेरी. दुसरी बघू. परतूरकडं एक हाय म्हनं, दोन पोरं झालेली."

हे म्हणाले, "बघू."

बघू! म्हणजे दैवशाला वांझ म्हणून परत जाणार. ज्या भावजयीनं भांडी आपटून घालवली तिच्या दारात, कपाळावर वांझपणाचा शिक्का घेऊन. मग तिला चंद्रभानसुद्धा करणार नाही. कुणीच करणार नाही. आणि इथं तिसरी येणार, तिच्या पोटालाही एरंडेल लागणार. यांची खोट झाकायला किती बायका लागणार आहेत?

श्रावण शुद्ध ४

दैवशाला पंचमीसाठी पिंगळीला गेली. सासूबाई तिला निरोप देताना म्हणाल्या, "ये नीट इचार करून. पोरगं देनार असशील तर ये." गाडीत बसताना ती माझ्याकडं बघून काहीतरी म्हणणार होती. तेवढ्यात गाडी हलली.

घर रिकामं लागतंय.

श्रावण वद्य ३

अजून आली नाही. निरोप आला, आई आजारी आहे, मामाच्या गावी नेली आहे. यांना घाई नाही. यांना बरंच वाटतंय, चेहऱ्यावरून दिसतं. ती नसली की भिंतीकडं तोंड करावं लागत नाही.

भाद्रपद शुद्ध ३

आली, चार दिवस झाले. उन्हानं रापली आहे. आईला बरं आहे म्हणाली. जास्त बोलली नाही. मी कुश्त्याचं विचारलं नाही, यांचं विचारलं नाही. तिनंच आज म्हटलं, "मालक तसंच हायती, आक्का." मग उगाच माझे पाय दाबायला बसली. नको म्हटलं तरी उठेना.

भाद्रपद वद्य ११

परतूरची माणसं बोलणं करायला येऊन गेली. दसऱ्यानंतर ठरवायचं म्हणाले. व्यंकटराव मध्यस्थ!

पुरे झालं. दसऱ्याला सगळं गाव ओसरीवर सोनं द्यायला येतं. त्या दिवशी मी बाहेर येणार. डोक्यावर पदर घेऊन, पण तोंड उघडं ठेवून. सगळ्यांसमोर सांगणार. हकीम काय म्हणाले ते, नऊ वर्षं काय झालं ते. त्यांच्या आईसमोर, व्यंकटरावांसमोर. मला मत्सरी म्हणा, पापी म्हणा, पण या वेळी दोघी सांगणार आहोत. एकीचा मत्सर असेल, दोघींचा कसा असेल? यांनी मला माहेरी धाडलं तर जाईन. वाशीमला वडिलांची एक खोली अजून आहे.

मी दैवशालेला सांगितलं. ती पांढरी फटक पडली. म्हणाली, "आक्का, थोडं थांबा." मी म्हटलं, "तीस वर्षं थांबले."

आश्विन शुद्ध ९

उद्या. वाक्यं मनात घोळवून ठेवली आहेत. "माझ्यात दोष नाही. हिच्यातही नाही. यांचं वय झालंय, आणि वय होणं हा गुन्हा नाही. दोष आमच्यावर ढकलणं हा गुन्हा आहे." चार वाक्यं. एवढी बोलता आली की झालं. इतका वेळ दाबून ठेवलेली वाफ आहे, आवाज कापणार नाही.

आश्विन शुद्ध १०, दसरा

दुपारी दैवशाला गोठ्यामागं ओकली. सासूबाईंनी पाहिलं. तिला आत नेऊन विचारलं, आणि मग त्या ओरडतच ओसरीवर आल्या. दोन महिने होऊन गेलेत!

कुणाचं, ते मी विचारलं नाही. विचारणार नाही.

माणसं सोनं घेऊन आलेली. व्यंकटरावांनी यांच्या पाठीवर थाप मारली, "म्हन्लो नव्हतो? घोडा हाय घोडा!" सगळे हसले. हे हसले नाहीत. यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. यांना सगळं कळलं होतं, आणि बोलायला तोंड नव्हतं. बोलले तर स्वतःच संपणार. मग यांनी माझ्याकडं पाहिलं. दाराआडून दैवशालाही माझ्याकडंच पाहत होती.

व्यंकटरावांनी मागं वळून मस्करीत विचारलं, "मंग वैनी, आता सांगा. इतकी वर्सं खोट कुनात व्हती?"

मी पदर सावरून बाहेर आले. आवाज कापला नाही.

म्हटलं, "माझ्यात. पहिल्यापासून माझ्यातच होती."